ओळखीचे बारा दिवस

श्रुतिकाला मिळायचे होते नव्वद दिवस. सरकारी बाळंतरजेच्या सव्वीस आठवड्यांच्या वरचे, आणि साहेबांपुढे तोंड वेंगाडल्याशिवाय. शिवाय रोजची दोनेक तास जास्तीची झोप. शिवाय माहेरी तिला ‘तापट’ आणि सासरी ‘स्पष्टवक्ती’ म्हणायचे, ते मागे पडण्याची शक्यता. नवऱ्याला, म्हणजे निनाद चौगुलेला, मिळायची होती शांत बायको. या वस्तूची मागणी नवरेलोकांत कधीच कमी होत नाही. सासूबाईंना मिळायची होती पोर रडलं की भरल्या ताटावरून न उठणारी सून. मिहिकाला काय मिळणार, असा रकाना अर्जात नव्हता. ती तेव्हा तीन दिवसांची होती आणि तिची सही लागत नव्हती.

एवढ्या सगळ्यासाठी करायचं काय, तर कानात एक पट्टी घालायची. कानामागे वळसा घेणारी, पुढे वाटाण्याएवढा मणी असलेली. नाव ‘निवांत’. श्रुतिका नाशकात वीजवाटपाच्या नियंत्रण कक्षात कामाला होती. तिच्या ऑफिसने बाळंतिणींसाठी ही योजनाच काढली होती: पट्टी घाला, ध्यान शिका, शांतीचा आकडा ऐंशीच्या वर ठेवा आणि नव्वद दिवस जास्त घरी राहा. ऑफिसचाही त्यात तोटा नव्हता. चिडक्या, अर्धवट झोपलेल्या बायका परत कामावर येऊन चुकीची बटणं दाबतात, असं कुणीतरी आकडे मांडून दाखवलं होतं.

पट्टीमागचं विज्ञान समजायला सोपं आहे. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं, आतडी असं घरभर फिरणारी एक लांबलचक नस असते, व्हेगस. शरीर खवळलं की ‘पुरे आता, बस खाली’ हे सांगायचं काम तिचं. तिची एक फांदी कानाच्या भोकाशेजारच्या खळग्यात कातडीच्या अगदी खाली येते. तिथे विजेचे बारीक ठोके दिले की हृदय मंदावतं, श्वास लांब होतो. हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. नवं होतं ते पट्टीचं शिकणं. बाळंतपणानंतर काही आठवडे बाईची सगळी मज्जासंस्था ओल्या मातीसारखी असते. बाळाच्या रडण्याला कसं उत्तर द्यायचं, हे तिच्यात तेव्हाच घडत असतं. पट्टी पहिले बारा दिवस नुसती बघायची. ठोके बघायची, दोन ठोक्यांमधलं अंतर बघायची, बाळाचा आवाज ऐकायची, आणि बाळ रडत असताना ही बाई सर्वांत शांत केव्हा होती, ते टिपून ठेवायची. तेच पुढचं लक्ष्य. तेराव्या दिवसापासून ठोके त्या लक्ष्याच्या वर गेले की मणी हलकेच थरथरायचा आणि कानात एक बाई म्हणायची, “आलेला विचार येऊ द्या. जाऊ द्या. श्वास आहे, आपण आहोत.” आवाज असा, की त्या बाईच्या घरी कुकरची शिट्टी कधी झालीच नसावी.

अट एकच होती. या बारा दिवसांत पट्टी दिवसाकाठी वीस मिनिटांहून जास्त वेळ कानाबाहेर राहता कामा नये. राहिली, की पुन्हा एकपासून सुरू.

ज्यांनी ही अट घातली, त्यांच्या देशात बाळंतीण दहा मिनिटांत अंघोळ उरकून येत असावी. श्रुतिका बाळंतपणाला जयसिंगपूरला माहेरी आली होती, आणि तिथे बाळंतिणीची अंघोळ हा सकाळी नऊ ते साडेअकरा चालणारा कार्यक्रम होता. कलामावशी यायची. आधी श्रुतिकाला डोक्यापासून टाचेपर्यंत तेल लावून मुरत ठेवायची. मग पसरलेल्या पायांवर मिहिकाला उताणी-पालथी करत चोळायची, न्हाऊ घालायची. तेव्हा मिहिका सगळी गल्ली गोळा करायची. मग श्रुतिकाला कढत पाणी, मग ओव्याची धुरी, मग बाजेखाली शेगडी. तेलात पट्टी टिकत नव्हती आणि पाण्यात ती घालायची नव्हती.

“ह्यो कानातला खिळा काढ आदी,” पहिल्याच दिवशी कलामावशी म्हणाली. “तेल लागून बिघडला तर माज्या नावानं बोंब नको.”

“मावशी, वीस मिनिटांत होईल का सगळं?”

“वीस मिन्टात म्हस धुत्यात, पोरी.”

श्रुतिकाची आई, सुलोचनाबाई मगदूम, दारात घंगाळ घेऊन उभी होती. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई. हजेरीपटावर एकही गाळलेला रकाना तिला सहन होत नसे. तिने हात पुढे केला. “आण इकडं. मी घालून बसते तोवर.”

“आई, दुसऱ्याला देऊ नका असं लिहिलंय त्यात.”

“चष्म्याच्या डबीवरसुद्धा लिहिलेलं असतं. आणि दुसरं कोण हाय इथं? तू माझ्या पोटातनं आलीस की. यंत्राला काय कळतंय?”

कलामावशी हसली. “मला घाला की वो वैनी. मी बी बगते निवांत हुतंय का.”

“तुझं तोंड बंद होणार असलं तर घालते.”

असे बारा दिवस गेले. रोज अडीच तास पट्टी आईच्या कानात. एकही रकाना गाळला नाही. मधे बारसं झालं, आणि पट्टीच्या बाराव्या दिवशी फोनवर संदेश आला: ओळख पूर्ण झाली. अभिनंदन. आईने तो स्वतःच पास झाल्यासारखा दोनदा वाचून घेतला.

चौथ्या महिन्यात श्रुतिका नाशकाला सासरी आली तेव्हा तिचा आकडा एक्क्याण्णव होता. योजनेतल्या साठ बायकांत दुसरा.

घरात त्याचा लाभ सगळ्यांनी आपापल्या परीने घेतला. निनाद सलग झोपू लागला. सासूबाईंचं भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं. शेजारच्या बाई आल्या की त्या मुद्दाम दार उघडं ठेवून सांगत, “आमची श्रुतिका अगदी थंड डोक्याची. पोरगी रडायला लागली तरी हातातली घडी नीट घालून ठेवते आणि मग उठते.” हे खरंच होतं. श्रुतिका मिहिकाचे कपडे वाळवून, घड्या घालून, रंगाप्रमाणे लावत असायची. पाळण्यातून आवाज यायचा. कानात मणी थरथरायचा. आणि ती उरलेल्या दोन घड्या घालून मगच जायची. दर तीन तासांनी पाजणं, ठरल्या वेळी लंगोट, ठरल्या वेळी पोटावर पालथं घालणं. सगळं वहीत.

“तू हल्ली भांडतही नाहीस गं,” निनाद एकदा जेवताना म्हणाला.

“भांडू का?”

“नको, नको. मी आपलं नोंदवून ठेवलं.”

पाचव्या महिन्यात दूध आटलं. त्याचंही कुणाला फार वाटलं नाही, डबे मिळतात. बाळाचं रडणं ऐकून आईचं शरीर दचकतं आणि त्याच धांदलीत दुधाचा पान्हाही फुटतो, हे पट्टी करणाऱ्यांना माहीत असणारच. दचकणं तेवढं बंद करून पान्हा चालू ठेवायची सोय त्यांना जमली नव्हती.

आणि सहाव्या महिन्यात मिहिका रडायची थांबली.

आधी सगळ्यांना हे यशच वाटलं. “आईच्या वळणावर गेली,” सासूबाई म्हणाल्या. लंगोट ओला झाला तरी मिहिका पडून राहायची. भूक लागली तरी पंख्याकडे बघायची. एकदा तिचं बोट पाळण्याच्या कडीत चेपलं, निळं पडलं. ते सासूबाईंना दिसलं संध्याकाळी, झबलं बदलताना. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दवाखान्याची वेळ घेतली.

डॉ. शिरोडे साठीच्या, जाड भिंगाच्या बाई होत्या. त्यांनी मिहिकाच्या मागे घुंगरू वाजवलं. मिहिकाने लगेच मान वळवली. वजन बरोबर. उंची बरोबर. मग त्या श्रुतिकाला म्हणाल्या, “तुम्ही हिच्या समोर बसा. हसा. बोला.”

श्रुतिका बसली, हसली, बोलली. मिहिकाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेली. तारीख बघावी तशी.

“ऐकू येतं हिला,” डॉक्टर म्हणाल्या. “दिसतंही. हिने विचारायचं सोडून दिलंय.”

“म्हणजे?”

“बाळाचं रडणं हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर दूध नाही, ते नंतर येतं. पहिलं उत्तर म्हणजे तुमचा चेहरा. श्वास अडकतो, डोळे मोठे होतात, खांदे उचलले जातात. एका सेकंदात. बाळ ते वाचतं आणि त्याला कळतं, की माझ्या ओरडण्याने समोरचं माणूस हलतं. हिला ते सहा महिने वाचायलाच मिळालेलं नाही. दूध घड्याळाप्रमाणे येतं, रडलं तरी, नाही रडलं तरी. रडायला फार ताकद लागते हो. उपयोग नसेल तर मूल कशाला खर्च करेल?”

“पण मी एक वेळ चुकवलेली नाही, डॉक्टर.”

“बघितली मी वही. इतकी नीट वही मी आजवर पाहिलेली नाही.” डॉक्टरांनी ती मिटून तिच्या हातात दिली. “कानातलं ते काय आहे?”

मणी थरथरला. कानातली बाई म्हणाली, “आलेला विचार येऊ द्या. जाऊ द्या.”

श्रुतिकाला घाबरता येत नव्हतं. पण हिशेब करता येत होता, आणि ते तिचं रोजचं काम होतं. नियंत्रण कक्षात दिवसाला शेकडो इशारे वाजतात. कोणता कितीवर वाजवायचा आणि कोणता गप्प करायचा, या मर्यादा ती स्वतः लावायची. घरी येऊन तिने पट्टीचा जुना आलेख उघडला, पहिल्या बारा दिवसांचा. दिवसभर तिचे ठोके डोंगरदऱ्यांसारखे चढत-उतरत होते. मिहिका रडली की शंभरच्या वर. मात्र रोज नऊ ते साडेअकरा एक सपाट पठार होतं. अठ्ठावन. मिहिकाचा सगळ्यांत मोठा आवाज त्याच वेळेतला, खाली त्याची वेगळी लाल रेघ. आणि वर ठोके अठ्ठावन. मर्यादा लावायची तर कुणीही शहाणा माणूस तिथेच लावेल. मशीनने तेच केलं होतं. फक्त मीटर दुसऱ्याच घराचं होतं.

तिने जयसिंगपूरला फोन लावला.

“आई, तुझी ती ठोके हळू ठेवायची गोळी. कधीपासून घेतेस?”

“झाली की चार वर्षं. छातीत धडधडायचं तवापासनं. का गं?”

“सकाळी किती वाजता?”

“चहाबरोबर, सातला. एक दिवस चुकवली नाही कधी. डॉक्टर म्हणालेत, ही मनानं बंद करायची नाही.”

“आणि मिहिका अंघोळीला रडायची, तेव्हा तुला काय व्हायचं?”

“काय व्हायचं म्हणजे? कला तिला पालथी करायची तवा मी तिकडं बघायचीच नाही. मनात यायचं, कलीच्या हातातनं ओढून घ्यावी पोरगी.”

“ते पट्टीत आलं नाही, आई.”

सुलोचनाबाईंना आकडेमोड शिकवावी लागत नव्हती.

“मग काय आलं?”

“अठ्ठावन.”

पट्टी काढायला श्रुतिकाला आणखी दीड महिना लागला. शांत माणसाला घाई नसते, हाच त्या शांतीचा गुण. रोज ती काढायचं ठरवायची आणि रोज कानातली बाई तो विचार जाऊ द्यायला सांगायची. शेवटी मिहिका आठ महिन्यांची झाल्यावर निनादने ती तिच्या कानातून ओढून काढली. शांत बायको त्याला पुरली होती. “तू माझ्यावर एकदा ओरड,” तो म्हणाला. “काहीही कारण काढ.” तिला कारण सापडलं नाही.

आकडा बंद पडला तशी जास्तीची रजाही बंद पडली. नव्वदातले साठ दिवस झाले होते. कामावर रुजू व्हायला आठवडा होता. तो घेऊन ती मिहिकासह माहेरी आली. तिथून तिने योजनेच्या मदतकेंद्राला फोन लावला, आवाज मोठा करून, कारण मांडीवर मिहिका होती.

पलीकडचा तरुण फार नम्र होता. “मॅडम, ओळख पुसून पुन्हा बारा दिवस भरता येते. पण त्याने यापुढची सेटिंग बदलेल. बाळाच्या बाबतीत आम्हाला काही सांगता येणार नाही. बाळ आमच्या योजनेत नोंदलेलं नसतं.”

सुलोचनाबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी ‘पुन्हा बारा दिवस भरता येते’ एवढं ऐकलं.

त्या आठवड्यात श्रुतिकाचं शरीर परत येऊ लागलं. कुकरच्या शिट्टीला ती दचकली. दुसऱ्या दिवशी कपबशी फुटली तर रडली. तिसऱ्या दिवशी आईवर ओरडली आणि ओरडून झाल्यावर स्वतःच चकित होऊन बसली. तिची घंटा दुरुस्त झाली होती. आता ती पाळण्यापाशी बसून राहायची, मिहिकाने वाजवावी म्हणून. एका दुपारी तिने बाटली तयार केली आणि वेळ झाली तरी दिली नाही. दहा मिनिटं झाली. वीस. मिहिकाने ओठ हलवले, मूठ चोखली, मग मूठही खाली ठेवली आणि पंख्याकडे बघत राहिली. श्रुतिकाचे ठोके आता कुणी मोजत नव्हतं.

कलामावशी भेटायला आली होती. तिने पुढे होऊन बाटली हिसकावली. “उपाशी ठिवून कुनाची परीक्षा घेतीस गं?”

“एकदा रडू दे, मावशी. एकदाच.”

“कुनासाठी रडू दे?” मावशीने मिहिकाला मांडीवर घेतलं. मिहिका दूध प्यायली, तिच्याकडे न बघता.

कामावर जायचं म्हणून श्रुतिका नाशकाला परतली. पट्टी तिने माहेरच्या कपाटात, आईच्या साड्यांखाली टाकून दिली.

नियंत्रण कक्षात तिचा नववा दिवस होता. सकाळी सव्वादहाला कलामावशीचा फोन आला.

“वैनी पडल्या. सांगलीला न्हेलंय. तोंड वाकडं झालंय, उजवा हात हलंना. ताई, त्यांच्या कानात त्यो तुजा खिळा हुता.”

“आईच्या कानात? का?”

“फोन करून आदीचं पुसून घेतलं, आन आट दिस झालं कानातनं काडतच न्हाईत. नवाला बाजंवर बसायचं, साडेआकराला उटायचं. गोळी बंद केलीया म्हनाल्या. मी म्हनलं, वैनी, डाक्टरला इचारा. तर म्हनाल्या, कले, माझीच चूक हाय, मीच निस्तरते. पोरीचं काळीज आता त्या मशीननं बिघडवलंय, तिच्याकडनं भरून उपेग न्हाई. आईचं काळीज कसं उडतंय, ते त्याला एकदा नीट दाखिवते. मग श्रुती घालील, आन पोरगी वळखंल तिला.”

दाखवण्यासाठी आवाजही लागत होता. मिहिकाच्या बारा दिवसांतलं रडणं सुलोचनाबाईंच्या फोनमध्ये होतं. बारशाला नाशिककरांना ऐकवायला म्हणून घेतलेलं. रोज नऊ वाजता त्या तेच लावून, कानात पट्टी घालून, बाजेवर बसत होत्या. चार वर्षं बांधून ठेवलेलं हृदय एकदम मोकळं सोडलं की ते कुठवर उधळतं, हे त्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं. आठव्या दिवसाचा आलेख पट्टीने इमानाने काढून ठेवला: एकशे छप्पन्न. त्यापुढे सूचना होती, की ओळख पूर्ण व्हायला चार दिवस बाकी आहेत.

श्रुतिका आणि निनाद मिहिकाला घेऊन सांगलीला पोहोचले. वॉर्डात मावळतीचं ऊन आडवं आलं होतं. आईचा उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडला होता. श्रुतिकाने मिहिकाला तिच्या कुशीशी बसवलं आणि तिला स्वतःलाच रडू फुटलं. मोठ्याने, बाकीच्या खाटांवरच्यांनी वळून बघावं असं. मिहिकानेही वळून पाहिलं. आईचा चेहरा वाकडातिकडा होत होता, खांदे उडत होते, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. मिहिकाने ते थोडा वेळ बघितलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग ती सलाईनच्या थेंबांकडे बघू लागली.

सुलोचनाबाईंनी डावा हात कसाबसा नातीच्या पाठीवर नेला. “रडली?” त्यांनी विचारलं. शब्द अर्धाच आला, पण कळला.

“नाही, आई.”

“चार दिवस राहिलेत,” त्या म्हणाल्या, किंवा तसं काहीतरी.

तर जमाखर्च असा. श्रुतिकाला नव्वदातले साठ दिवस मिळाले, तीस बुडाले. निनादने चार-पाच महिने झोप घेतली. ती आता फिटते आहे. सासूबाईंनी भजनी मंडळ आपणहून सोडलं. योजनेच्या वार्षिक अहवालात ‘यशस्वी माता’ या यादीत श्रुतिका दुसऱ्या क्रमांकावर आहे, कारण सरासरी पट्टी घातलेल्या दिवसांचीच धरतात. आईचा उजवा हात गेला. उरलं ते सगळं मिहिकाच्या नावावर लागलं. तिने ते सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून जास्त भरलं होतं, आणि भरताना तिचा आवाज झाला नाही.